यंत्र केव्हा बदलावे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवातील व्याख्यानासाठी एखादा थोर विषय योजावा, असा रिवाज आहे. संतवाङ्मय, मुक्तिसंग्राम, हैदराबादेतील मराठी शाळांचा इतिहास, असे विषय मांडणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. आम्ही पडलो शाळामास्तर. चिटणीसांनी आमच्या पदरी जो विषय घातला तो असा : जुने फोटो दुरुस्त करण्यासाठी कार्यालयात जो संगणक आहे तो, आणि त्यावरील सॉफ्टवेअर, बदलण्याची वेळ आली आहे काय? विषय हिशेबाच्या वहीतला दिसतो खरा. पण त्यात आपल्या सर्वांच्या आजी-आजोबांचे चेहरे गुंतलेले आहेत. म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

हे काम आमच्याकडे येण्याचे कारणही सांगितले पाहिजे. वरच्या वर्गातील काही मुलांना घेऊन आम्ही रविवारी दुपारी ट्रस्टच्या कार्यालयात बसतो. घरोघरचे फोटो स्कॅन करावयाचे, त्यांवरील डाग व ओरखडे काढावयाचे, आणि त्यांची नोंद ठेवावयाची, असा हा उद्योग. दुसरे कारण अधिक खरे आहे. निजामी अमदानीत शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी फोटोंच्या पाठीवर पुष्कळदा उर्दूत लिहून ठेवले आहे, आणि सनही फसली घातला आहे. 'सन १३४० फसली' असे दिसले म्हणजे तो काळ इसवी १९३०-३१ चा, हा हिशेब मुलांना सांगावयास कोणीतरी लागतो. तो मान आम्हांस मिळाला आहे.

आता मूळ प्रश्न. या बाबतीत सभासदांत दोन पक्ष आहेत. तरुण मंडळी म्हणतात, "यंत्र २०१६ सालचे. दहा वर्षे झाली. एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. नवे घ्या." ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "चालते आहे ना? मग चालू द्या. तो पैसा दोन मुलांच्या शिष्यवृत्तीस जाईल." दोन्ही बाजूंचा हेतू चांगला आहे. पण दोन्ही बाजू यंत्राकडे पाहतात, आणि कामाकडे पाहावयाचे राहून जाते. बैल म्हातारा झाला की नाही हे दात मोजून कळेल. पण औत कोठे अडते हे शेतात उतरल्यावाचून कळावयाचे नाही.

आमच्या घरी लहानपणापासून एक शब्द कानांवर पडत आला : अमानत. दुसऱ्याने विश्वासाने सांभाळावयास दिलेली वस्तू. मराठीत आपण तिला ठेव म्हणतो. या प्रकरणात ट्रस्टकडे अशा दोन ठेवी आहेत. एक देणगीदारांचा पैसा, आणि दुसरी कुटुंबांनी विश्वासाने आणून दिलेली छायाचित्रे. पहिलीचा अपव्यय होऊ नये आणि दुसरीचा नाश होऊ नये. या दोहोंत ओढाताण होते तेथेच निर्णय करावयाचा असतो.

तर आधी काम किती जड आहे ते मोजू. साधा ४ बाय ६ इंचांचा फोटो घ्या. तो इंचाला ६०० ठिपके या मापाने स्कॅन केला, तर २,४०० गुणिले ३,६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचे तीन बाइट धरले, तर सुमारे २६ एमबी. दुरुस्तीसाठी त्यावर पाच थर चढवले तरी सव्वाशे-दीडशे एमबी. आपल्या यंत्राची मेमरी ८ जीबी आहे. म्हणजे अशा फोटोसाठी ती रगड झाली.

आता दुसरे टोक. संमेलनाचा किंवा शाळेचा १० बाय १२ इंचांचा समूहफोटो घ्या. तीन रांगा उभ्या, एक रांग खुर्च्यांवर आणि मुले पुढे सतरंजीवर. त्याच मापाने तो ४ कोटी ३२ लाख ठिपक्यांचा होतो. छटा बारीक राहाव्यात म्हणून १६ बिटांत ठेवला, तर एकच थर सुमारे २६० एमबी. दहा थर झाले की अडीच जीबीच्या वर गेले, आणि मागे फिरता यावे म्हणून सॉफ्टवेअर आधीच्या पायऱ्या लक्षात ठेवते ते निराळे. येथे ८ जीबीची दमछाक होते. पण असे समूहफोटो आपल्या संग्रहात थोडे. बहुतेक फोटो पहिल्या प्रकारचे, हाताच्या पंजाएवढे, काही तर त्याहून लहान.

मग फाईल उघडावयास चहाएवढा वेळ का लागतो? याचे उत्तर यंत्र स्वतःच देते. विचारावयाची तसदी घेतली पाहिजे. काम चालू असता टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. डिस्क शंभराला टेकलेली आणि बाकी दोघे स्वस्थ बसलेले असतील, तर दोष डिस्कचा. मेमरी गच्च भरली असेल, तर दोष मेमरीचा. दोन्ही मोकळी असून प्रोसेसर धापा टाकत असेल, तर मात्र यंत्राचे हृदयच थकले म्हणावयाचे. आपल्या मुलांनी तीन रविवार हे पाहिले. आपली अडचण जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर हेच यंत्र पुष्कळ चपळ होईल, आणि तो खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा एक लहानसा अंश आहे. सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरात हे काम एका बैठकीत होते.

आणखी एक गोष्ट यातच सांगून टाकू. स्कॅन करावयास जो वेळ लागतो तो स्कॅनरचा असतो. काचेखालून दिवा ज्या गतीने सरकतो त्याच गतीने सरकणार. संगणक कितीही भारी आणला तरी तो धावू लागत नाही. उलट नवा संगणक घेतला तर जुन्या स्कॅनरचे चालक सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असे नाही. म्हणजे एका खरेदीच्या पोटात दुसरी खरेदी दडलेली असते. नव्या यंत्राचा भाव विचारताना ही दुसरी किंमतही विचारून घ्यावी.

"थोडे थांबू, पुढे स्वस्त होईल," असेही काही जण म्हणतात. या समजुतीस आधार आहे. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहिले की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरसाल दुप्पट होत आहे, आणि १९७५ साली त्यांनी तो काळ दोन वर्षांचा केला. त्या चालीवर कित्येक दशके यंत्रे स्वस्त व समर्थ होत गेली. पण बाजारभाव हा काही निसर्गनियम नव्हे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की तिचे भाव झपाट्याने चढले. थांबल्याने स्वस्त होईलच, हा भरवसा धरू नये. आणि महाग होईल या भीतीने आजच धावूही नये. गरज ठरली की त्या दिवशीच्या भावाने घ्यावे.

मग यंत्र बदलणे भाग पडते ते केव्हा? आमच्या मते त्याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण सुरक्षिततेचे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणीने मिळणारी वाढीव मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यापुढचा लागतो. आपले यंत्र त्यात बसत नाही. ज्या संगणकावर ट्रस्टची बँक, देणगीदारांचे पत्ते आणि हिशेब आहेत, तो अशा स्थितीत क्षणभरही ठेवू नये. पण आपले हिशेब दुसऱ्या संगणकावर आहेत. फोटोंच्या यंत्राला इंटरनेटची गरज नाही. त्याची तार काढून टाकली आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावला नाही, तर ते कोपऱ्यात बसून आपले काम करू शकते. लिनक्स घालण्याचाही मार्ग आहे. तो जुन्या यंत्रांवर चालतो आणि त्यास पैसा पडत नाही.

दुसरे कारण बाहेरच्या जगाशी जुळण्याचे. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाईली जुने सॉफ्टवेअर ओळखत नाही; छापखान्यास हवी त्या प्रकारची फाईल जुन्या यंत्रातून निघत नाही. असे झाले की बदल करावाच लागतो. आपले काम कागदी फोटोंचे असल्याने पहिली अडचण आपणांस नाही, आणि छापखान्याची तक्रार अद्याप आलेली नाही.

तिसरे कारण माणसांचे. यंत्राच्या संथपणामुळे शेजारी बसलेला माणूस कंटाळून उठून जात असेल, तर ते नुकसान पैशांत मोजता येत नाही. याकडे पुन्हा येऊ.

आता सॉफ्टवेअर. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. पूर्वी ते एकदा विकत घेतले की आपले होई. २०१२ चे सीएस ६ हे त्या पद्धतीचे शेवटचे; २०१३ पासून कंपनीने नव्या आवृत्त्या वर्गणीवर देण्यास आरंभ केला. म्हणजे घर विकत घेण्याऐवजी भाड्याने राहावयाचे. व्यावसायिक छायाचित्रकारास भाडे परवडते, कारण त्याचे उत्पन्न त्यातून येते. धर्मादाय संस्थेचे तसे नाही. देणगीदार वस्तूसाठी एकदा देणगी देतो, भिंतीवर नावाची पाटी लागते; पण दरसालच्या भाड्यासाठी देणगी मागणे अवघड जाते. म्हणून भाड्याचा करार करण्यापूर्वी निदान पाच वर्षांची बेरीज करून पाहावी.

फुकटचे मार्गही आहेत. गिम्प हे बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले सॉफ्टवेअर १९९६ पासून लोकांच्या हाती आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली, आणि आता त्यात मूळ चित्रास धक्का न लावता अनेक संस्कार करता येतात. पूर्वी विकत मिळणारे ॲफिनिटीही ऑक्टोबर २०२५ पासून विनामूल्य झाले. ओरखडे काढणे, फिकट फोटोला उजळी देणे, वाकडा फोटो सरळ करणे, ही आपली नित्याची कामे गिम्पमध्ये उत्तम होतात. आपली मुले ती करीतच आहेत.

मात्र फुकटचे असो की विकतचे, सॉफ्टवेअर हे पाहुणे आहे हे विसरू नये. गूगलचे पिकासा कित्येक घरांतून वापरात होते. मार्च २०१६ मध्ये कंपनीने त्याचा आधार बंद केला. आपल्या ट्रस्टचेच उदाहरण घ्या. २००१ च्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची फाईल आज उघडली, तर अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या वेळचे टंक युनिकोडचे नव्हते. छापील प्रत मात्र कपाटात आहे आणि तिची ओळ न् ओळ वाचता येते. यावरून एक नियम आम्ही कामात पाळतो. स्कॅन केलेली पहिली प्रत टिफ प्रकारात ठेवावयाची आणि तिला पुन्हा हात लावावयाचा नाही. टिफ १९८६ पासून चालत आलेला प्रकार आहे व असंख्य सॉफ्टवेअरांना तो वाचता येतो. दुरुस्ती करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. मग उद्या सॉफ्टवेअर गेले तरी फोटो जात नाही.

नव्या सॉफ्टवेअरच्या एका मोहाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये रिकामी जागा आपोआप भरून देणारी सोय आली आहे, आणि फाटक्या, पुसट चेहऱ्यांना नवे डोळे व दात देणारी साधनेही पुष्कळ झाली आहेत. चित्र पाहून मन प्रसन्न होते. पण पुसलेला डोळा यंत्राला ठाऊक नसतो. ते हजारो परक्या चेहऱ्यांवरून एक डोळा बेतते आणि आपल्या आजीला लावते. नात म्हणते, "आजी किती सुरेख दिसते!" आणि आजीची धाकटी बहीण म्हणते, "ही आमची अक्का नव्हे." शिवाय यांतील बरीच कामे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर होतात, म्हणजे आपल्या घरच्या लेकीसुनांची छायाचित्रे बाहेर जातात. ज्यांनी फोटो दिला त्यांना विचारल्यावाचून हे करणे ठेवीच्या धर्माला धरून नाही. डाग काढावा, चेहरा घडवू नये, हा आमचा दंडक आहे. या एका सोयीसाठी नवे सॉफ्टवेअर घ्या असे कोणी म्हणेल, तर आमचा कौल विरुद्ध पडेल.

हैदराबादेत छायाचित्रांविषयी बोलावे आणि राजा दीनदयाळ यांचे नाव काढू नये, हे शोभणार नाही. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. १९०५ साली ते वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. त्यांच्या काळचा कॅमेरा आज कोणी वापरीत नाही. काच मात्र उजेडासमोर धरली की चित्र दिसते. यंत्रे येतील आणि जातील. सांभाळावयाचे ते चित्र.

आणि सांभाळणे म्हणजे प्रती ठेवणे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराची आठवण या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये पाणी पुन्हा घराघरांत शिरले, तेव्हा भिजलेले अल्बम पंख्याखाली वाळत घातलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. म्हणून नवा संगणक घेण्याच्या आधी दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. एक कार्यालयात, दुसरी वेगळ्या मोहल्ल्यात, उंचावरच्या एखाद्या विश्वस्ताच्या घरी. दर तीन महिन्यांनी दोन्ही उघडून पाहाव्यात. एकाच पेटीत सर्व ठेव ठेवणारा सावकार आपण शहाणा म्हणत नाही.

आता तिसऱ्या कारणाकडे परत येतो. फोटोवरील डाग आज काढला काय आणि पाच वर्षांनी काढला काय, फारसे बिघडत नाही. पाच वर्षांनी कदाचित तो अधिक चांगला निघेल. पण दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथ्या उभ्या असलेल्या बाई कोण, हे पाच वर्षांनी सांगणार कोण? ही माहिती ज्यांच्यापाशी आहे ते आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या रविवारच्या बैठकींत खरे काम होते ते तेच. मुलगा पडद्यावर चेहरा मोठा करतो, आजोबा चष्मा वर करून पाहतात, आणि म्हणतात, "अरे, हा तर आमच्या गल्लीतला शंकर!" मग शंकरामागोमाग त्याचे सारे घराणे येते. हे नाव कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही, आणि पाठीवरच्या उर्दू अक्षरांतही सर्वत्र मिळत नाही.

तेव्हा "नवे यंत्र येऊ द्या, मग कामास लागू," असे म्हणणे ही या प्रकरणातील सर्वांत महाग सबब आहे. त्याचप्रमाणे, यंत्र एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्यास मिनिटभर घेत असेल आणि आजोबा दमून "पुढच्या रविवारी पाहू" म्हणत असतील, तर तेथे पैसा वाचवणे हीही काटकसर नव्हे. पुढचा रविवार आपल्या हातचा नसतो.

या विचाराने विश्वस्तांपुढे आम्ही चार सूचना ठेवतो. एक : या महिन्यात जुन्या यंत्रास एसएसडी बसवावी, इंटरनेटची तार काढावी आणि दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. दोन : टेबलावर एक वही ठेवावी, यंत्र ज्या कामावर अडले ते काम, तारीख आणि वाया गेलेली मिनिटे मुलांनी तीत लिहावीत. तीन : बैठकीचा चौथा हिस्सा वाट पाहण्यात जाऊ लागला, किंवा स्कॅनर चालेनासा झाला, किंवा छापखान्याने फाईल परत केली, तर सभा न बोलावता नवा संगणक घेण्याचा अधिकार चिटणीसांना द्यावा. चार : आपण ताळेबंदात घसारा दाखवतो, पण तेवढी रक्कम बाजूस काढीत नाही. ती दरसाल वेगळ्या खात्यात ठेवावी. म्हणजे वेळ येईल तेव्हा शिष्यवृत्तीच्या पैशास हात लावावा लागणार नाही आणि दोन पक्षांना भांडावयास कारणही उरणार नाही.

सभासद कुटुंबांना एवढीच विनंती. फोटो आणताना त्यांच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. शाई व दाब पुढच्या बाजूस उमटतात. नावे वेगळ्या कागदावर लिहा, किंवा पाठीवर मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. चिकटवलेला फोटो अल्बममधून ओढून काढू नका, अल्बमच घेऊन या. उर्दू मजकुराची काळजी करू नका, तो वाचावयास आम्ही आहोत. आणि फोटोबरोबर घरातील वडील माणसाला घेऊन या. रिक्षाचे भाडे ट्रस्ट देईल, असे अध्यक्षांनी आताच मान हलवून सांगितले आहे. रविवारी दुपारी ३ ते ६ कार्यालय उघडे असते.